घटस्फोटित आईचे मृत्युपत्र: दोन अज्ञान मुले, एक सदनिका आणि हयात वडील

हे प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे. माणसे आणि आकडे कल्पित आहेत, पण त्यातला प्रत्येक पेच पुण्या-मुंबईतल्या वकिलांच्या टेबलावर नेहमी येणारा आहे. कायदा हिंदू कुटुंबाचा धरला आहे.

आई ३८ वर्षांची, पुण्यात एका औषध कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार महिना ९२ हजार. मुलगी ९ वर्षांची, मुलगा साडेपाचचा. परस्पर संमतीने घटस्फोट होऊन तीन वर्षे झाली. मुलांचा ताबा आईकडे, वडिलांना महिन्यातून दोन रविवार भेटीचे, दोन्ही मुलांची मिळून पोटगी १५ हजार, तीही मागेपुढे येणारी. वडिलांनी दुसरे लग्न केले आहे. मुलांचा मामा कोल्हापुरात शिक्षक, मावशी टोरांटोत, आजी-आजोबा, म्हणजे आईचे आईवडील, साताऱ्याजवळच्या गावी. आजी ६६ वर्षांची, आजोबा ७१.

मालमत्ता अशी: सिंहगड रस्त्यावर सुमारे ८८ लाखांची सदनिका, तिच्यावर २६ लाखांचे कर्ज बाकी. एक कोटीचा मुदत विमा. भविष्य निर्वाह निधीत १३ लाख, म्युच्युअल फंडात साडेनऊ, पीपीएफमध्ये सहा, मुदत ठेव चार लाख. लॉकरमध्ये २२ तोळे सोने. मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते. गावाकडे वडिलोपार्जित शेतजमीन, तिचे वाटप झालेले नाही.

आईने इंटरनेटवरून एक मसुदा उतरवून घेतला होता. त्यातला कामाचा भाग दोनच वाक्यांचा: “माझ्या पश्चात माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत माझ्या दोन्ही मुलांना समसमान मिळावी. मुले सज्ञान होईपर्यंत त्यांचा व त्यांच्या मिळकतीचा पालक म्हणून माझा भाऊ काम पाहील.”

वाचायला सरळ, पण या प्रकरणात दुसरे वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे आणि त्यामुळे पहिले धोक्याचे ठरते.

मामाची नेमणूक का टिकत नाही

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुलांचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, तर वडील प्रत्यक्षात लक्ष घालत नसतील तेव्हासुद्धा, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात लावला. आई हयात असताना तिला त्याचा उपयोग होतो. शाळा, पासपोर्ट, बँक अशा ठिकाणी ती पालक म्हणून सही करू शकते.

मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार मात्र कलम ९ मधून येतो, आणि तिथे आईसाठी दार अरुंद आहे. विधवा आई नेमू शकते. वडील कायद्याने अपात्र ठरले असतील तर आई नेमू शकते. विवाहबाह्य अपत्याची आईही नेमू शकते. घटस्फोट झाला, ताबा आईला मिळाला, एवढ्याने वडील अपात्र होत नाहीत. ताबा कोणाकडे आणि पालक कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘कस्टडी आईकडे’ एवढे वाचून अनेक जण दुसराही सुटला असे समजतात. आई गेली की वडील हयात नैसर्गिक पालक म्हणून पुढे येऊ शकतात, आणि मामाच्या हातातला कागद त्यांना आपोआप थांबवू शकत नाही.

म्हणजे पालकाचे कलम गाळायचे का? मुळीच नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये पालक ठरवताना न्यायालयाने काय पाहावे याची यादी आहे. मुलाचे वय, लिंग, धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य, कुवत आणि नात्याची जवळीक, त्याचे मुलाशी आधीपासूनचे संबंध, आणि मृत आईवडिलांची काही इच्छा असल्यास ती. समज येण्याइतके मूल मोठे असेल तर त्याचा कलही. आईचे लेखी म्हणणे इथे पुरावा म्हणून वजनदार ठरते, अट एवढीच की त्यात कारणे हवीत. ‘मुलांचे वडील बेजबाबदार आहेत’ हे कारण नव्हे, तो आरोप झाला. खालच्या धाटणीचा मजकूर बरा:

“मुले जन्मापासून दर उन्हाळी व दिवाळीच्या सुटीत माझ्या भावाच्या घरी राहत आली आहेत. त्यांच्या मामेभावाशी त्यांचे सख्य आहे. भावाचे स्वतःचे घर असून त्याची पत्नीही ही जबाबदारी घेण्यास तयार आहे व तिने तशी वेगळी लेखी संमती दिली आहे. मुलांच्या वडिलांशी त्यांची भेट न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे पुढेही चालू राहावी, अशी माझी इच्छा आहे.”

शेवटचे वाक्य लिहायला जड जाते. पण न्यायाधीश मुलांचे हित पाहतात, आणि वडिलांना तोडायला निघालेल्या कागदापेक्षा हा कागद त्यांना अधिक विश्वासाचा वाटतो. आई गेल्यावर मामाने मुले जिथे सामान्यतः राहतात तिथल्या न्यायालयात, म्हणजे पुण्यात कौटुंबिक न्यायालयात, पालकत्वाचा अर्ज करायचा आणि त्यातच अंतरिम ताबा मागायचा. त्याआधी मुले गुपचूप कोल्हापूरला हलवली तर पहिल्याच तारखेला मामाची बाजू लंगडी पडते.

मावशीचे नाव आईच्या मनात पहिले होते. ते पर्यायी पालक म्हणूनही घेतले नाही. मुलांना परदेशी न्यायचे तर न्यायालयाची परवानगी, वडिलांची हरकत, तिकडचा व्हिसा अशी तिहेरी वाट, आणि तोवर मुले कोणाकडे राहणार हा प्रश्न तसाच. पर्यायी म्हणून आजीचे नाव आले, तेही वयाची जाणीव ठेवून.

खरा धोका पैशाच्या बाजूला

आता पहिल्या वाक्याकडे. ‘सर्व मिळकत दोन्ही मुलांना’ असे लिहिले की मिळकत थेट अज्ञान मुलांच्या मालकीची होते, आणि अज्ञान मुलांच्या मिळकतीचा कारभार नैसर्गिक पालक पाहतो. इथे नैसर्गिक पालक कोण, ते वर पाहिलेच. सदनिका विकायला किंवा गहाण टाकायला वडिलांना १९५६ च्याच अधिनियमाच्या कलम ८ खाली न्यायालयाची पूर्वपरवानगी लागेल, तेवढे संरक्षण आहे. पण ठेवी, फंड, विम्याची रक्कम अशा जंगम मालमत्तेला ही परवानगीची अट नाही. ९० लाख रुपये कोणाच्या सहीने हलतील, हे या एका वाक्याने ठरून जाते.

हीच अट मामालाही अडचणीची आहे. समजा मामाची पालक म्हणून नेमणूक वैध ठरली, तरी मृत्युपत्री पालकाला कलम ८ ची बंधने लागू राहतात. परवानगीशिवाय विकलेली मिळकत मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत दावा लावून परत मागू शकते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक अशा सदनिकेला हात लावत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि हप्ते थकत असताना घर विकून मोकळे होता येत नाही.

दुसरा धोका वारसाहक्काच्या उतरंडीत आहे. मिळकत मुलाच्या मालकीची झाली आणि दुर्दैवाने तो १८ च्या आत गेला, तर? अज्ञानाला मृत्युपत्र करता येत नाही. हिंदू वारसा अधिनियमाप्रमाणे त्याच्या वर्ग एकच्या वारसांत आई असते, पण ती आधीच गेलेली. त्यानंतर वर्ग दोनमध्ये पहिले नाव वडिलांचे. सख्खी बहीण त्यांच्या खालच्या नोंदीत. म्हणजे मुलाचा अर्धा वाटा बहिणीला डावलून वडिलांकडे जातो.

आणखी एक गोष्ट बहुतेक मसुद्यांत सुटते. आई आणि मुले एकाच अपघातात गेली आणि आधी कोण गेले हे कळायला मार्ग नसेल, तर त्याच अधिनियमाचे कलम २१ गृहीत धरते की वयाने लहान तो मागे राहिला. म्हणजे कागदोपत्री मिळकत क्षणभर मुलांकडे जाते आणि तिथून त्यांच्या वारसांच्या वाटेला लागते. साताऱ्याचे आजी-आजोबा हात हलवत राहतात.

या सगळ्यावर एकच उपाय चालतो: मिळकत मुलांना थेट न देता मृत्युपत्रातच ट्रस्ट निर्माण करून विश्वस्तांच्या हाती द्यायची. मुले कोणाच्या घरी वाढतील हे आई एकटी ठरवू शकत नाही. पैसा कोणाच्या हाती राहील हे मात्र ती पूर्णपणे ठरवू शकते, कारण स्वकष्टार्जित मिळकतीचे काय करायचे यावर तिचा अधिकार निर्विवाद आहे. मृत्युपत्राची ताकद इथे लावायची. ट्रस्ट असा लिहायचा की मुले मामाकडे राहोत की वडिलांकडे, तो दोन्ही परिस्थितीत चालावा.

ट्रस्टची कलमे

विश्वस्त तीन ठेवले: मामा, पुण्यातच राहणारा आईचा मावसभाऊ, आणि सनदी लेखापाल असलेली मैत्रीण. तीनच का? भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ४८ नुसार दस्तात वेगळे लिहिले नसेल तर सगळ्या विश्वस्तांनी एकत्र येऊनच काम करावे लागते. एकजण परगावी असला तरी चेक अडतो. म्हणून ‘दोघांचे बहुमत पुरेसे, बँक खाते कोणत्याही दोघांच्या सहीने’ हे स्पष्ट घातले. एखादा गेला, थकला किंवा परदेशी गेला तर उरलेल्या दोघांनी ६० दिवसांत तिसरा नेमायचा. मुलांचे वडील किंवा त्यांच्या बाजूचे नातेवाईक विश्वस्त होणार नाहीत, हे कोणतेही विशेषण न लावता एका वाक्यात.

मावशीला विश्वस्त केले नाही. अनिवासी विश्वस्त असला की केवायसीपासून प्रत्येक सहीपर्यंत सगळे लांबते. तिला दरवर्षी हिशेबाची प्रत मिळेल, एवढा अधिकार दिला. भांडणात तटस्थ राहणारी आणि कागद वाचणारी एक व्यक्ती बाहेर असणे चांगलेच.

मामा पालकही आणि विश्वस्तही, यात हितसंबंधाचा पेच आहे. तो नाकारून उपयोग नाही, बांधून ठेवायचा. मुले मामाकडे राहिली तर त्याला द्यायची मासिक घरखर्चाची रक्कम बाकीचे दोघे ठरवतील, त्यात मामाचे मत धरले जाणार नाही. शाळेची फी शाळेला, दवाखान्याचे बिल दवाखान्याला थेट. मुले वडिलांकडे गेली तरी हीच पद्धत: फी परस्पर, औषधपाणी परस्पर, आणि कपडेलत्ते-खाण्यापिण्यासाठी ठरावीक मासिक रक्कम. वडिलांची पालनपोषणाची स्वतःची कायदेशीर जबाबदारी ट्रस्टमुळे संपत नाही, हेही लिहिले. नाहीतर ‘पैसा आहेच की’ म्हणून पोटगी थांबते.

वाटा कधी मिळणार, या कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा. ‘मी माझी मिळकत मुलांना देत आहे, मात्र ताबा २५ व्या वर्षी द्यावा’ आणि ‘जे अपत्य वयाची २५ वर्षे पूर्ण करील त्यासच त्याचा वाटा मिळेल’ ही दोन वाक्ये कानाला सारखी लागतात. पहिल्यात मालकी आईच्या मृत्यूलाच मुलाची होते, फक्त ताबा लांबतो, आणि मधे काही झाले तर वडिलांचा वारसा जागा होतो. दुसऱ्यात २५ पूर्ण होईपर्यंत मालकी जातच नाही. दुसरे वाक्य घ्यायचे आणि त्याला पुढची पायरी जोडायची:

“एखादे अपत्य २५ वर्षे पूर्ण होण्याआधी निःसंतान मृत झाल्यास त्याचा वाटा दुसऱ्या अपत्याच्या वाट्यात मिळवावा. दोन्ही अपत्ये तशी मृत झाल्यास अथवा माझ्या मृत्यूनंतर ३० दिवस हयात न राहिल्यास, शिल्लक मिळकत माझ्या आईवडिलांना, व ते हयात नसल्यास माझ्या भावाच्या व बहिणीच्या अपत्यांना समान मिळावी.”

तीस दिवसांच्या या अटीमुळे कलम २१ चे गृहीतक निकामी होते.

२५ च का? १८ व्या वर्षी चाळीस-पंचेचाळीस लाख हातात पडलेल्या मुलाचे काय होते, याची उदाहरणे प्रत्येकाच्या नात्यात असतात. शिक्षणासाठी २५ पर्यंत थांबावे लागत नाही, तो खर्च ट्रस्ट करतच असतो. तिशीपर्यंत लांबवणे मात्र जाच होतो. तोवर मुलगी स्वतःचा संसार चालवत असेल आणि मामाकडे बिले पाठवत असेल.

विश्वस्तांना सदनिका विकण्याचा, भाड्याने देण्याचा, कर्ज फेडण्याचा आणि गुंतवणूक बदलण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. विक्रीचा अधिकार लिहिलाच नाही तर ट्रस्ट असूनही पुन्हा न्यायालयाची पायरी. करासाठी एक बारकावा: मृत्युपत्राने केलेला ट्रस्ट एकच असेल तर त्याच्या उत्पन्नावर सर्वोच्च दराऐवजी स्लॅबप्रमाणे कर लागण्याची सोय आयकरात आहे. म्हणून दोन मुलांचे दोन ट्रस्ट न करता एकाच ट्रस्टमध्ये दोन वाटे ठेवले.

हिशेब ढोबळ, पण करून पाहिला. विम्याच्या एक कोटीतून कर्जाचे २६ लाख फेडले की ७४ उरतात. फंड, पीपीएफ आणि ठेव मिळून साडेएकोणीस. एकूण साडेत्र्याण्णव लाख. सात टक्के धरले तर वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास, वर कर्जमुक्त सदनिकेचे भाडे. धाकटा २५ चा व्हायला साडेएकोणीस वर्षे आहेत, महागाई मुद्दल कुरतडणारच. पण मुद्दल कुरतडायचीच आहे, ती जपून ठेवायला ट्रस्ट नाही. विश्वस्तांना मुद्दलही खर्च करण्याचा अधिकार दिला नसता तर त्यांनी फक्त व्याजावर भागवले असते आणि मुलगी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला अडली असती.

नॉमिनेशन: मृत्युपत्राला आतून पोखरणारी जागा

मृत्युपत्र उत्तम आणि नॉमिनी जुनेच, हा प्रकार इतका सर्रास आहे की आधी नॉमिनेशनच तपासावे.

विमा पॉलिसीवर २०१५ पासून नॉमिनी म्हणून घटस्फोटित पतीचे नाव होते. कोणी बदललेच नव्हते. ते काढून मुलांची नावे घालायची, ही पहिली सूचना सगळे देतात. पण विमा अधिनियमाच्या कलम ३९(७) मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने आलेली तरतूद अशी की आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रकमेची लाभार्थी ठरतात. हा नियम वारसाहक्कालाही मागे सारतो का, यावर न्यायालयांची मते एक नाहीत, आणि तो वाद आपल्या मुलांच्या पैशावर लढवून घेण्यात अर्थ नाही. मुले नॉमिनी केली तर रक्कम ट्रस्टमध्ये न जाता, मुले अज्ञान असेपर्यंत फॉर्मवर नेमलेल्या व्यक्तीच्या हाती जाते आणि १८ व्या वर्षी मुलांना मोकळी होते. आजीला नॉमिनी केले तर आजीच लाभार्थी. भाऊ मात्र त्या यादीत नाही. भाऊ नॉमिनी असला की तो रक्कम स्वीकारणारा विश्वस्त ठरतो आणि ती मृत्युपत्राप्रमाणे पुढे द्यायला बांधलेला राहतो. म्हणून इथे नॉमिनी मामा, आणि मृत्युपत्रात पॉलिसी क्रमांकासह ‘ही रक्कम ट्रस्टकडे जमा करावी’ असे कलम. मुले असताना भाऊ का, असे विमा कंपनी विचारते. कारण लेखी द्यावे.

हे फक्त विश्वासू भाऊ असेल तरच. भावावर भरवसा नसेल तर मुलेच नॉमिनी बरी.

भविष्य निर्वाह निधीत हा मार्ग बंद आहे. कुटुंब असताना कुटुंबाबाहेरचा नॉमिनी चालत नाही, आणि भाऊ त्या व्याख्येत बसत नाही. तिथे दोन्ही मुले निम्मी-निम्मी, आणि अज्ञान नॉमिनीसाठी पालकाच्या रकान्यात आजी. पोर्टलवरचे ई-नॉमिनेशन जुन्या नावाने पडले असेल तर नवे भरावे लागते. नोकरीत असताना मृत्यू झाला तर याच नोंदीवर निधीशी जोडलेल्या विमा योजनेचे जास्तीत जास्त सात लाखही मिळतात. हा पैसा ट्रस्टबाहेर राहणार, हे मान्य करून पुढे जायचे.

फंड, पीपीएफ, ठेव, लॉकर: सगळीकडे मामा नॉमिनी, मालकी मृत्युपत्राप्रमाणे. शेअर आणि फंडांचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात पक्के केले आहे. सुकन्या समृद्धीची रक्कम मुळातच मुलीची, ती मृत्युपत्रात लिहायचीच नाही.

सदनिका: अर्धीच हातात

मसुद्यात ‘माझी सदनिका’ असे होते. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, काढला तर दोन नावे: आईचे आणि माजी पतीचे. घटस्फोटाच्या संमतीच्या अटींत ‘पती आपला हिस्सा पत्नीच्या लाभात सोडून देईल’ असे लिहिलेले, पण हक्कसोडपत्र झालेच नव्हते. नोंदणीकृत दस्त होईपर्यंत आईने मृत्युपत्रात काहीही लिहिले तरी निम्म्याच्या पलीकडे वाद आहे. यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला अर्ज करून शुल्क किती ते आधी ठरवून घ्यायचे, कारण घटस्फोटित जोडप्यामधला दस्त नेहमी नाममात्र शुल्कात बसतोच असे नाही. मग हक्कसोडपत्र, बँकेची ना-हरकत, सोसायटीत भागपत्रावर बदल. माजी पती टाळाटाळ करत असेल तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. हे काम मृत्युपत्राच्या आधी सुरू केले, पण मृत्युपत्र त्याच्यासाठी थांबवले नाही. मजकूर असा ठेवला: ‘सदर सदनिकेतील माझा आज असलेला व पुढे प्राप्त होणारा सर्व हक्क.’

शेतजमिनीतला सहहिस्सेदार म्हणून असलेला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. तो ट्रस्टमध्ये न घालता थेट मुलांना ठेवला, सातबारावर अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून नोंद होईल. वाटप होईपर्यंत त्यातून पैसा निघणार नाही, आणि गावकीच्या भांडणात विश्वस्तांना ओढण्यात काही हशील नाही.

सोने मुलीला १४ तोळे आणि मुलाला ८, दागिन्यांचे फोटो व वजनांच्या यादीसह. समान का नाही, हा प्रश्न आईला विचारला गेला. त्यातले निम्मे दागिने आजीचे होते आणि ते नातीला जावेत असे आजीचे म्हणणे. कारण एका ओळीत लिहून ठेवले.

सही, साक्ष, नोंदणी

भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ ला हवे ते इतकेच: आईने सही करायची, दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहायची किंवा तिच्या तोंडून ‘ही माझी सही’ असे ऐकायचे, आणि तिच्यासमोर आपली सही करायची. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. ‘स्वखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द लिहिल्याने अक्कलहुशारी सिद्ध होत नाही. त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले की त्याला पुराव्याचा आधार मिळतो.

साक्षीदार आईपेक्षा लहान, पुण्यातच राहणारे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे दोघे घेतले. पुढे किमान एकाला न्यायालयात उभे राहून सही शाबीत करावी लागते, तेव्हा ८० वर्षांचे शेजारी साक्षीला घेण्यात शहाणपण नाही. मामाला या सगळ्यापासून दूर ठेवले. वकील मामाने ठरवला, मसुदा मामाने आणला, साक्षीदार मामाचे मित्र, असे दिसले की विरुद्ध बाजूला ‘संशयास्पद परिस्थिती’ हा शब्द आयता मिळतो.

नोंदणी ऐच्छिक, पण वडील हयात असताना ती करावीच. दुय्यम निबंधकांसमोर फोटो आणि अंगठा होतो, फी नाममात्र. नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल आईच्या हयातीत तिला किंवा तिने अधिकार दिलेल्यालाच मिळते. मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला देऊन इतरांना काढता येते, त्यामुळे मूळ कागद गहाळ झाला तरी सगळे संपत नाही. मूळ प्रत आईने लॉकरमध्ये ठेवायची ठरवली होती. लॉकर उघडायलाच नॉमिनीची कागदपत्रे लागतात, म्हणून ती मावसभावाकडे दिली.

पुण्यातल्या या सदनिकेसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, बंधनकारक नाही, सोसायटी मृत्युपत्रावरून हस्तांतर करू शकते. तरीही वडिलांची हरकत येण्याची शक्यता पाहता एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने), म्हणजे इथे मावसभावाने, ते घ्यावे असे मृत्युपत्रातच सुचवले. त्याला वेळ लागतो. तोवर घर कशावर चालायचे? म्हणून मुदत ठेवीचे चार लाख मोडून आई आणि आजीच्या संयुक्त खात्यात, ‘दोघींपैकी कोणीही किंवा हयात असेल ती’ या पद्धतीने ठेवले. ते ट्रस्टच्या हिशेबातून वजा झाले, पण पहिल्या सहा महिन्यांची फी, किराणा आणि वकिलाचा खर्च त्यातून निघेल. शाळेच्या नोंदीत तातडीच्या संपर्कात मामा आणि मावसभाऊ यांची नावे त्याच आठवड्यात घातली.

हाच नमुना सगळीकडे उचलून चालत नाही. विधवा आईने किंवा विधुर वडिलांनी केलेली पालकाची नेमणूक १९५६ च्या पालकत्व अधिनियमाच्या कलम ९ खाली थेट लागू होते, तिथे लांब कारणमीमांसेची गरज कमी. घटस्फोटाचा खटला चालू असेल आणि हुकूमनामा झाला नसेल तर पती अजून वारस आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलांबरोबरीने त्याचाही वाटा निघतो, म्हणून निकालाची वाट पाहू नये. गोव्यात मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करायचे असते आणि निम्मी मिळकत वारसांसाठी राखीव. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. ख्रिस्ती किंवा पारशी आईने पुन्हा लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते. हिंदू आईचे होत नाही, म्हणूनच लग्नानंतर ते तिने स्वतः बदलायला हवे.

या प्रकरणात पुढची दुरुस्ती कधी, तेही ठरवून ठेवले आहे. हक्कसोडपत्र नोंदले गेले, विमा बदलला, मामाने घर किंवा गाव बदलले, तर दोन ओळींचे पुरवणी मृत्युपत्र, तितक्याच काटेकोर सही-साक्षीने. मुलगी १८ ची झाली की भविष्य निर्वाह निधीच्या नॉमिनेशनमध्ये तिच्यापुरता पालकाचा रकाना काढायचा आणि मुलापुरता तिचेच नाव घालायचे की नाही, हे तेव्हा तिला विचारून.